मांगाच्या पाट्या आणि घरातली क्वीअर माणसं

शिनचॅन आपल्याकडे लहान मुलांचं कार्टून म्हणून आलं. २००६ पासून ते हंगामा वाहिनीवर हिंदीत दिसू लागलं, मराठी घरांतही शाळा सुटल्यावर तेच लागू लागलं आणि ‘पोरगं उलट बोलायला शिकतं’ ही आईबापांची तक्रार त्याच्या मागोमाग आली. तक्रारीत तथ्य होतं, पण तिचं मूळ १९९० सालच्या जपानात आहे. योशितो उसुई यांनी ही मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, मालिका सुरू केली ती ‘वीकली मांगा ॲक्शन’ या साप्ताहिकात आणि ते साप्ताहिक निघायचं मोठ्या पुरुषांसाठी. घराच्या कर्जाचे हप्ते फेडणारा हिरोशी, खर्चाचा मेळ घालताना मेटाकुटीला येणारी मिसाए आणि चारचौघांत दोघांची अब्रू काढणारा पाच वर्षांचा शिन्नोसुके, म्हणजेच शिनचॅन, हा सगळा विनोद बापांनी वाचायचा होता. १९९२ मध्ये टीव्हीवर ॲनिमे आलं, मुलांनी ते उचलून धरलं आणि बघता बघता मालिकेवरची पाटी बदलली.

याच मालिकेच्या १९९७ सालच्या चित्रपटात रोझ, लॅव्हेंडर आणि लेमन अशी नावं घेऊन स्त्रीवेशात राहणारे तीन भाऊ आहेत. शिनचॅनच्या नोहारा कुटुंबावर संकट येतं तेव्हा हे तिघं त्यांच्या बाजूने उभे राहतात. त्यांच्यावर विनोद होतात, त्यातले काही आज वाचताना-बघताना बोचतात. तरीही ते त्या गोष्टीतले आपल्या बाजूचे लोक आहेत. ‘मोठ्यांसाठी’ या पाटीवरून त्यांचा पत्ता लागत नाही आणि ‘मुलांसाठी’ या पाटीवरूनही लागत नाही.

कुटुंबाची गोष्ट सांगणाऱ्या मांगात क्वीअर पात्रं अशी कडेला उभी असतात तेव्हा ती वाचकापर्यंत पोचतात कशी आणि वाटेत हरवतात कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. त्यासाठी या पाट्या कोण लावतं आणि कशाच्या आधारावर लावतं, इथून सुरुवात करावी लागते.

जपानमध्ये पहिली पाटी लागते ती मासिकाची. बहुतेक मांगा आधी एखाद्या साप्ताहिकात किंवा मासिकात प्रकरणाप्रकरणाने छापला जातो आणि मग त्याचे सुटे भाग पुस्तकरूपात निघतात. ज्या मासिकात तो आला, त्या मासिकाचा वाचक हीच त्याची ओळख ठरते. मुलग्यांचं मासिक असेल तर शोनेन, मुलींचं असेल तर शोजो, मोठ्या पुरुषांचं सेइनेन आणि मोठ्या बायकांचं जोसेई. आपल्याकडे हे चार शब्द ‘साहस’, ‘प्रेमकथा’ यांसारखे कथाप्रकार म्हणून वापरले जातात. प्रत्यक्षात ते फक्त एवढंच सांगतात, की प्रकाशकाने हा अंक कुणाच्या हातात पडावा म्हणून छापला. आत प्रेम आहे की खून, स्वयंपाक आहे की क्रिकेटसारखा एखादा खेळ, हे त्यातून कळत नाही.

इचिगो ताकानो यांच्या ‘ऑरेंज’वरून हे नीट दिसतं. २०१२ मध्ये ही मालिका ‘बेस्सात्सु मार्गारेट’ या मुलींच्या मासिकात सुरू झाली, मधे थांबली आणि २०१४ मध्ये फुताबाशा या प्रकाशन संस्थेच्या ‘मंथली ॲक्शन’मध्ये पुन्हा सुरू झाली. पात्रं तीच, शाळा तीच, मित्राचं दुःखही तेच. पण मासिक बदललं आणि काल शोजो असलेली गोष्ट आज सेइनेन झाली. कथेतला एक शब्दही त्यासाठी बदलावा लागला नाही.

पुस्तक निघालं की त्याच्या मागच्या बाजूला, किमतीच्या शेजारी, इंग्रजी ‘सी’ अक्षरानंतर चार आकडे छापलेले असतात. जपानमधल्या पुस्तकविक्रीचा हा वर्गीकरणाचा कोड. पहिला आकडा ग्राहक किंवा विक्रीची पद्धत सांगतो, दुसरा पुस्तकाचं रूप आणि शेवटचे दोन विषय. मासिकांतून आलेल्या बहुतेक मांगा पुस्तकांवर हा आकडा एकच असतो: ९९७९. पहिला नऊ म्हणजे मासिकासारखी हाताळणी, दुसरा नऊ म्हणजे कॉमिक आणि ७९ हा विषय म्हणजे पुन्हा कॉमिकच. समुद्री चाच्यांची मालिका घ्या, म्हाताऱ्या आजीची घ्या नाहीतर दोन पुरुषांच्या संसाराची घ्या, हा कोड तिघींना सारखाच. म्हणजे व्यापाराच्या अधिकृत नोंदीत मांगाला विषय म्हणून काही उरतच नाही. विषय कळतो तो नंतर, दुकानातल्या फळीवर.

आणि फळी लागते प्रकाशक आणि त्याचं लेबल बघून. इथे एक मोठी भिंत आहे. बीएल, म्हणजे बॉइज लव्ह या प्रकाराची मासिकं वेगळी, लेबलं वेगळी, दुकानातली कपाटंही वेगळी. या प्रकाराचा उगम मुलींच्या मासिकांत आहे. मोतो हागिओ यांची ‘थॉमसचं हृदय’ ही मालिका १९७४ मध्ये आणि केइको ताकेमिया यांची ‘वारा आणि झाडांचं गाणं’ ही १९७६ मध्ये सुरू झाली. दोन्ही मालिकांतले मुलगे एकमेकांवर प्रेम करतात आणि या दोन्ही मालिका मुलींनी वाचल्या. १९७८ मध्ये ‘जून’ हे खास या प्रकाराला वाहिलेलं मासिक निघालं. पुढे त्यातून पूर्ण बाजारपेठ उभी राहिली. तिच्यातल्या बहुसंख्य लेखिका आणि वाचक स्त्रिया आहेत आणि कथेच्या मध्यभागी दोन पुरुषांचं प्रेम असावं ही तिची मूळ अट आहे. स्त्रियांमधल्या प्रेमाच्या मांगाला युरी म्हणतात. त्याचं ‘कॉमिक युरी हिमे’ हे मासिक २००५ मध्ये सुरू झालं. समलिंगी पुरुषांनी स्वतःसाठी काढलेल्या मासिकांची परंपरा तिसरीच. ‘बाराझोकू’ १९७१ मध्ये निघालं, ‘जी-मेन’ १९९५ मध्ये. तिथला मांगा त्या मासिकांच्या दुकानांतच राहिला.

हे तीन प्रवाह वेगळे आहेत हे लक्षात ठेवलं, की पुढचा गोंधळ कळतो. बाहेरचा माणूस मांगात दोन पुरुष एकत्र दिसले की ‘हे बीएल’ म्हणून मोकळा होतो. बीएल हे एका विशिष्ट बाजाराचं आणि कथेच्या विशिष्ट बांधणीचं नाव आहे. एखाद्या कुटुंबकथेत समलिंगी काका आहे म्हणून ती बीएल होत नाही.

चुकीची पाटी लागली तर बिघडतं काय? बिघडतं. टोकियोच्या महानगर शासनाकडे १९६४ पासूनचा किशोरवयीनांसंबंधीचा एक नियम आहे. त्याखाली एखादं पुस्तक ‘अहितकारक’ ठरवलं गेलं, तर ते अठरा वर्षांखालच्यांना विकता येत नाही आणि ऑनलाइन दुकानं ते बऱ्याचदा यादीतूनच काढतात. अलीकडच्या वर्षांत ‘अहितकारक’ ठरलेल्या पुस्तकांत बीएलचा भरणा मोठा राहिला आहे. त्यामुळे ‘बीएल’ ही पाटी नुसती माहिती देत नाही, तिच्यासोबत ‘आत काहीतरी मोठ्यांचं असणार’ हा संशयही येतो. एका शाळकरी मुलीच्या आणि तिच्या काकाच्या गोष्टीला ती पाटी लावली, तर ती गोष्ट ज्या मुलीपर्यंत पोचायला हवी तिच्यापासूनच ती दूर होते.

हे उदाहरण कल्पनेतलं नाही. ‘ओतोतो नो ओत्तो’, म्हणजे ‘धाकट्या भावाचा नवरा’, ही गेंगोरो तागामे यांची मालिका २०१४ ते २०१७ या काळात ‘मंथली ॲक्शन’मध्ये आली. तेच मासिक, जिथे ‘ऑरेंज’ आली. आणि तीच प्रकाशन संस्था, जिने शिनचॅन काढलं. तागामे हे स्वतः उघडपणे समलिंगी. त्याआधीची त्यांची बहुतेक कारकीर्द समलिंगी पुरुषांच्या मासिकांत गेली होती आणि तिथलं त्यांचं काम उघड कामुक होतं. या मालिकेत मात्र त्यांनी समोर ठेवला तो समलिंगी नसलेला, सर्वसाधारण वाचक. ज्याच्या घरात हा विषय कधी निघालाच नाही, त्याच्याशी बोलायचं असं त्यांनी ठरवलं आणि म्हणून ती मोठ्या पुरुषांच्या सामान्य मासिकात येणं फार मोलाचं ठरलं.

गोष्ट अशी: याइची हा घटस्फोटित बाप आपल्या काना नावाच्या मुलीला एकट्याने वाढवतोय. त्याचा जुळा भाऊ र्‍योजी कॅनडात गेला, तिथे माइक नावाच्या पुरुषाशी त्याने लग्न केलं आणि तो वारला. एके दिवशी हा धिप्पाड, दाढीवाला माइक दारात येऊन उभा राहतो. वडिलांना भाऊ होता हेच कानाला ठाऊक नाही आणि आता समोर त्या भावाचा नवरा उभा आहे. मुलगी हरखून जाते. पुरुष पुरुषाशी लग्न करू शकतो का, असं ती विचारते. जपानमध्ये नाही पण कॅनडात करता येतं, असं कळल्यावर तिथे चालतं ते इथे का चालत नाही, हा तिचा पुढचा प्रश्न असतो. कॅनडाने २००५ मध्येच देशभर हा कायदा केला होता. जपानमध्ये मालिका चालू असतानाच, २०१५ मध्ये, टोकियोतल्या शिबुया आणि सेतागाया या विभागांनी जोडप्यांना फक्त नोंदीचं प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. लग्नाचा कायदा नव्हताच.

तागामे यांनी चित्रांच्या चौकटींचा जो वापर केलाय तो जवळून पाहण्यासारखा आहे. माइक काही बोलतो किंवा करतो आणि पुढच्या चौकटीत याइची ओरडताना, झिडकारताना दिसतो. वाचक दचकतो. मग त्यापुढच्या चौकटीत तोच याइची शांत उभा असतो, तोंडातून निघतं एखादं गुळमुळीत, सभ्य वाक्य. आधीची चौकट त्याच्या मनातली होती. ज्या पूर्वग्रहाबद्दल लेखक व्याख्यान देऊ शकला असता, तो त्याने असा एका सज्जन बापाच्या डोक्यात उघडा करून दाखवला. आपणही अनेकदा असंच वागतो: मनात एक, ओठांवर दुसरं. म्हणून हा माणूस खोटा वाटत नाही. मुलीच्या प्रश्नांचंही तसंच. तुम्हा दोघांत नवरा कोण आणि बायको कोण, असं काना सरळ विचारते. दोघंही नवरेच, असं माइकच्या उत्तरातून कळतं आणि आपल्याही मनात नेमका हाच प्रश्न होता, हे याइचीच्या ध्यानात येतं.

मुख्य पात्रांबद्दल एवढं पुरे. मला सांगायचंय ते कडेच्या पात्रांबद्दल. या मालिकेत कानाच्या वर्गमित्राचा मोठा भाऊ आहे, काझुया. माध्यमिक शाळेत शिकणारा मुलगा. तो माइकला गाठतो आणि आपण समलिंगी आहोत हे आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगतो. त्याला सल्ला नको असतो; असा एक मोठा माणूस खरोखर आहे, कुणाचा तरी काका आहे, जेवतो-खातो, हसतो, हे त्याला डोळ्यांनी पाहायचं असतं. दुसरा आहे र्‍योजीचा शाळेतला जुना मित्र काटो. मित्र गेल्याचं दुःख त्यालाही आहे. पण आपल्याबद्दल कुणाला कळू नये म्हणून तो सगळ्यांपासून जपून, आडूनच माइकला भेटतो. दोघांच्या वाट्याला मोजकीच पानं आली आहेत. पण ही दोन पात्रं काढून टाकली तर मालिका ‘परदेशातून आलेल्या पाहुण्याची’ होऊन बसते. काझुया आणि काटो यांच्यामुळे कळतं की हा प्रश्न कॅनडातून विमानाने आलेला नाही. तो त्याच गल्लीत, त्याच शाळेत आधीपासून राहत होता.

आणि कुटुंब? ते प्रत्येक पानावर आहे. कानाची एक मैत्रीण तिच्या घरी यायची थांबते, कारण माइकचा मुलीवर वाईट परिणाम होईल असं तिच्या आईला वाटतं. कानाची आई नात्सुकी घटस्फोटानंतरही ये-जा करते. चौघं मिळून गरम पाण्याच्या झऱ्यावर सहलीला जातात आणि आपण चौघं एकमेकांचे कोण लागतो हे बघणाऱ्याला कसं कळणार, हा विचार याइचीला पडतो. पुढे शाळेतले शिक्षक त्याला बोलावून घेतात: मुलगी काकाबद्दल वर्गात फार बोलते, तिला त्रास होईल. तोपर्यंत मनातली चौकट आणि तोंडातलं वाक्य यांत अंतर ठेवून वागणारा हा बाप तिथे ठामपणे मुलीची बाजू घेतो.

आता या मालिकेवर कोणती पाटी लावाल? मासिकाच्या हिशोबाने ती सेइनेन. पुस्तकाच्या कोडप्रमाणे ती ‘कॉमिक’. कथेप्रमाणे ती कुटुंबकथा. जपानी लोक ‘होम ड्रामा’ म्हणतात त्या जातीची. २०१८ मध्ये जपानच्या एनएचके वाहिनीने तिच्यावर तीन भागांची मालिका केली आणि माइकची भूमिका मूळचा एस्टोनियाचा निवृत्त सुमो मल्ल बारुतो याने केली. अमेरिकेत पॅन्थिऑन या साहित्यिक प्रकाशनाने दोन जाड खंडांत तिचं भाषांतर काढलं आणि २०१८ मध्ये तिला आशियाई विभागाचा आयसनर हा कॉमिक्सचा पुरस्कार मिळाला. एकच गोष्ट इतक्या फळ्यांवर बसली आणि तरी तिला काहीजण बीएलच्याच यादीत टाकतात. तागामे यांचं आधीचं काम माहीत असलेले लोक तर नाव बघूनच पुस्तक मुलांपासून दूर ठेवतात. लेखकाच्या नावाचीसुद्धा अशी एक पाटी होऊन बसते.

जपानबाहेर मासिक हा आधार नाहीसा होतो. मुंबई-पुण्यातला वाचक जपानी मासिकं चाळत नाही. तो इंटरनेटवरच्या नोंदवह्यांत शोधतो. या नोंदवह्यांची कामाची पद्धत निरनिराळी आहे. मायॲनिमेलिस्टमध्ये कथाप्रकार, विषय आणि वाचकवर्ग असे तीन वेगळे रकाने असतात आणि त्यांची यादी ठरलेली असते. म्हणजे सेइनेन एका रकान्यात, ‘बॉइज लव्ह’ दुसऱ्यात. मांगाअपडेट्सवर वाचक स्वतः छोट्या छोट्या नोंदी जोडतात आणि बाकीचे त्या बरोबर की चूक असं मत देतात. ॲनिलिस्टवर मोजके कथाप्रकार आणि त्याखाली टॅगची लांबलचक यादी असते. तिथल्या प्रत्येक टॅगपुढे वाचकांच्या मतांवरून ठरलेली टक्केवारी असते. कथेत ती गोष्ट किती ठळक आहे, याचा तो अंदाज. एखादा टॅग वाचून पुढचं रहस्य फुटणार असेल, तर तो झाकून ठेवायची सोयही आहे.

ही टक्केवारी मला मोलाची वाटते, कारण कडेच्या पात्राचा प्रश्न ‘आहे की नाही’ असा नसतोच. ते आहे, पण किती आहे? मिसाकी ताकामात्सु यांची ‘स्किप अँड लोफर’ ही मालिका घ्या. ‘मंथली आफ्टरनून’मध्ये २०१८ पासून सुरू झालेली, २०२३ मध्ये कोदान्शा या प्रकाशन संस्थेचा मांगा पुरस्कार मिळालेली. इशिकावा प्रांताच्या टोकाच्या खेड्यातली मित्सुमी ही हुशार मुलगी टोकियोच्या शाळेत दाखल होते. पहिल्याच दिवशी लोकलच्या जाळ्यात चुकते, धावतपळत पोचते, नव्या विद्यार्थ्यांच्या वतीने पाठ केलेलं भाषण झोकात करते आणि मग सरांच्या अंगावर ओकते. अशा दिवशी घरी तिची वाट पाहणारी व्यक्ती म्हणजे नाओ. मित्सुमीच्या वडिलांचं धाकटं भावंड, ट्रान्स स्त्री, कपड्यांची स्टायलिस्ट. नात्याने मित्सुमीची आत्या. मित्सुमी तिला नाओ-चान म्हणते. शहरात कसं राहावं, काय घालावं, कुणाचं मनावर घेऊ नये, हे सगळं ती भाचीला शिकवते. नाओने स्वतः गाव का सोडलं असेल, हे वाचकाला हळूहळू उमगतं. भाचीच्या लेखी ती फक्त आत्या आहे आणि लेखिकेने ते नातं तसंच, कुठलाही गाजावाजा न करता ठेवलं आहे.

समजा या मालिकेच्या माथ्यावर ‘ट्रान्सजेंडर’ अशी ठळक पाटी लावली. तो विषय शोधत आलेल्या वाचकाला शाळेतल्या मैत्रीची, नाटकाच्या तालमींची गोष्ट मिळेल आणि आपण फसलो असं त्याला वाटेल. आता समजा पाटीच लावली नाही. मग एखादी ट्रान्स मुलगी, जिला जगात कुठेतरी भाचीला सांभाळणारी, स्वतःच्या पायावर उभी असलेली, हसतमुख आत्या बघायचीय, तिला ही मालिका कधी सापडणारच नाही. पहिल्या वाचकाची निराशा थोडी आहे. दुसरीचं नुकसान मोठं आहे. म्हणून माझा कौल साफ आहे: कथाप्रकाराच्या रकान्यात हे लिहू नये, पण खालच्या टॅगमध्ये, कमी वजनाने का होईना, ते असलंच पाहिजे. कथाप्रकाराने कथेचा कणा सांगावा आणि टॅगने त्या घरात कोण कोण राहतं ते सांगावं.

मतांच्या पद्धतीला मर्यादाही आहेत. वाचक मत देतो ते बऱ्याचदा पात्र आवडलं म्हणून. त्याला किती पानं मिळाली हे मोजून कुणी देत नाही. दोन मित्र जरा जवळ बसले की ते जोडपं असल्याचं मानून मतं पडतात आणि ज्याच्याबद्दल कथेत सरळ लिहिलंय असं पात्र मात्र चार मतांवर अडून राहतं. रहस्य म्हणून टॅग झाकण्याचीही दुसरी बाजू आहे. काझुयाचं गुपित झाकणं समजू शकतं, कारण ते कथेतच उशिरा उघड होतं. पण जे पात्र पहिल्या प्रकरणापासून उघडपणे जसं आहे तसं वावरतं, त्याची ओळख ‘रहस्य’ म्हणून झाकली, तर वाचकाने दचकावं असं त्यात काहीतरी आहे, असा अर्थ निघतो.

मुलांची म्हणून पाटी लागलेल्या मालिकांचं काय झालं तेही बघा. ‘कार्डकॅप्टर साकुरा’ १९९६ ते २००० या काळात ‘नाकायोशी’ या लहान मुलींच्या मासिकात आली. क्लॅम्प या लेखिकांच्या गटाने रंगवलेलं हे घर आईविना आहे: प्राध्यापक वडील, थोरला भाऊ तोया आणि चौथीतली साकुरा. तोयाचं त्याच्या मित्रावर, युकितोवर, प्रेम आहे, मैत्रीण तोमोयोचं साकुरावर. जपानी मुलींनी हे कुठल्याही वेगळ्या टॅगशिवाय वाचलं. घरात जशी माणसं असतात तशी ती होती. २००० मध्ये उत्तर अमेरिकेच्या टीव्हीसाठी त्याचं ‘कार्डकॅप्टर्स’ झालं आणि या सगळ्या भावनांना कात्री लागली. त्याच सुमारास ‘सेलर मून’च्या इंग्रजी आवृत्तीत हारुका आणि मिचिरू या प्रेयसींना चुलत बहिणी करून टाकलं. मुलांची फळी म्हणजे निर्जंतुक फळी, असं तिथल्या वितरकांनी मानलं. घराबद्दलची गोष्ट आणि सगळ्या घराने मिळून बघायची गोष्ट या दोन निराळ्या बाबी आहेत. पाटी लावणारे त्या एकच समजले आणि घरातली खरी माणसं त्यात बाहेर गेली.

याच्या उलट टोकाला फुमी योशिनागा यांची ‘काल काय खाल्लंस?’ ही मालिका उभी आहे. योशिनागा बीएल लिहितच पुढे आल्या. तरी ही मालिका २००७ पासून ‘मॉर्निंग’ या पुरुषांच्या साप्ताहिकात येते. शिरो वकील, केन्जी केशकर्तनकार. दोघं एकत्र राहतात आणि शिरो रोज संध्याकाळी रांधतो. दोघांच्या जेवणाचा महिन्याचा खर्च पंचवीस हजार येनमध्ये बसवायचा हा त्याचा सुरुवातीचा नेम. एकदा दुकानात अख्खं कलिंगड स्वस्त मिळत असतं पण दोघांना जास्त होणार, म्हणून एका अनोळखी गृहिणीशी तो ते अर्धं अर्धं वाटून घेतो आणि त्यातून दोन घरांची मैत्री होते. इथे मध्यभागी समलिंगी जोडपं आणि कडेला त्यांचे म्हातारे आईवडील, ती गृहिणी, ऑफिसातले लोक. कथाप्रकार विचारलात तर पुष्कळजण ‘खाद्य’ असंच सांगतील आणि ते चूक नाही. कोदान्शाने २०१९ मध्ये तिला सर्वसाधारण विभागाचा पुरस्कार दिला.

तुम्ही स्वतःसाठी किंवा घरातल्या मुलांसाठी मांगा निवडत असाल, तर आधी तो कुठल्या मासिकात आला ते बघा. त्यावरून लेखक कुणाशी बोलतोय ते कळेल. मग वयाची सूचना बघा, ती प्रकाशकाने दिलेली असते आणि तिचा संबंध दृश्यांशी असतो, पात्र कुणावर प्रेम करतं याच्याशी नसतो. ‘बीएल’ लिहिलेलं दिसलं तर कथेचा मध्य प्रेमकथेत आहे की घरात, हे पहिली दोन प्रकरणं वाचून स्वतः ठरवा. आणि टॅगच्या यादीत खाली, कमी टक्क्यांवर काय लिहिलंय, ते वाचायला विसरू नका. काझुया, काटो, नाओ तिथेच भेटतात.

आपल्याकडच्या शाळांच्या आणि गावोगावच्या ग्रंथालयांत आता कुठे कुठे मांगाची कपाटं लागायला लागली आहेत. ती लावणाऱ्यांना एक विनंती आहे. ‘धाकट्या भावाचा नवरा’चे खंड आणाल तेव्हा ते वरच्या, कुलूपबंद फळीवर ठेवू नका. कुटुंबकथांच्या रांगेत, मुलांचा हात पोचेल असे ठेवा आणि नोंदवहीत मात्र समलिंगी पात्रांची नोंद स्पष्ट अक्षरांत करा. म्हणजे ज्याला ते पुस्तक शोधायचंय त्याला कुणाला न विचारताही ते सापडेल.